सोयाबीन निघू द्या, मग पाहू

रिसोडात दुसऱ्याच्या मरणावर बोलायला कुणाचीच हरकत नसते. कोण कसा गेला, कुठल्या दवाखान्यात किती लाख लागले, तेरवीला बुंदी होती की जिलेबी, ह्यावर टपरीवर तास तास सहज निघतो. स्वतःच्या मरणाचा विषय मात्र कुणी काढला, की टपरीवाला चहा द्यायच्या आधी मागची उधारी मागतो.

म्हणून मृत्युपत्राची चौकशी करायला मी कचेरीच्या आवारात गेलो तो चोरपावलांनीच. स्टॅम्प विकणाऱ्याजवळ वाकलो आणि आवाज खाली आणून विचारलं, "मृत्युपत्राले कितीचा कागद लागते?"

त्याने चष्म्यावरून बघितलं. "कोनाचं?"

"आबांचं."

"अरारा! कवा?"

"कवा काय? चांगले हायेत ते. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या."

"हाव, असंच असते," तो म्हणाला. "शेवटी शेवटी भूक वाढते."

मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला साधा कागद चालतो. करणाऱ्याने सही नाहीतर अंगठा करावा आणि दोन साक्षीदारांनी त्यावर सह्या कराव्यात, एवढंच त्याचं म्हणणं. नोंदणीही ऐच्छिक. हे मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो, पण तिथे ते कुणाला पटेना. शेजारी बसलेला अर्ज लिहिणारा म्हणाला, "गुरुजी, बिना स्टॅम्पचा कागद कोन मानते? पोरं चुलीत घालतीन." बरं, शंभराचा द्या म्हणावं, तर शंभराच्या स्टॅम्पवर होणारी कामं २०२४ च्या ऑक्टोबरात पाचशेवर गेलेली. जिथे सरकार एक रुपया मागत नव्हतं, तिथे मी पाचशेची घासाघीस करत उभा होतो.

घरी पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. ओट्यावर तीन माणसं खाली माना घालून बसली होती. एकाने शहाळं आणलं होतं. आबा बाजेवर बसून सगळ्यांना चहाचा आग्रह करत होते. मी दिसताच त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. "कोन गेलं रे? हे काही सांगूनच नाही राह्यले."

हा सगळा उपद्व्याप धाकट्याचा. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तिथे त्याने कुण्या सल्लागाराचं भाषण ऐकलं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर एक भलीमोठी प्रश्नावली टाकली. वर मथळा: ‘आपली वारसा-उद्दिष्टे व कौटुंबिक मूल्ये निश्चित करा.’ खाली सूचना: ‘शांत वातावरणात, सर्वांनी एकत्र बसून भरावी.’ ह्या दोन अटी आमच्या घरात आजवर एकदाही जमलेल्या नाहीत. सगळे असले की शांतता नसते, आणि शांतता असली की समजावं, सगळे वावरात गेलेत.

भरायची कुणी, हा प्रश्नच नव्हता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मतदारयादी, पोषण आहार, जंतांच्या गोळ्या, सगळ्याचे तक्ते भरून भरून माझ्या हाताला रकान्यांचं वळण लागलेलं. शिवाय अक्षर चांगलं. अक्षर चांगलं असणं हा असा गुन्हा आहे की त्याची शिक्षा जन्मभर हप्त्याहप्त्याने भोगावी लागते.

पहिलाच प्रश्न: ‘आपले उद्दिष्ट काय?’

"आबा, तुमचं उद्दिष्ट काय?"

"सोयाबीन निघू दे."

"ते नाही. तुमच्या मागं..."

"माह्या मागं कायले? माह्या पुढंच निघू दे ना. निघालं की पाहू."

आबांचं हे पंचांग मला पाठ आहे. सोयाबीन निघालं की तूर उभी असते. तूर निघेपर्यंत हरभरा घाट्यावर आलेला असतो. मध्ये लोणीची सखाराम महाराजांची यात्रा असते. मग लग्नसराई, मग उन्हाची काहिली, आणि जरा ढग दिसले की बियाण्याचा घोर. मृत्यूच्या विषयाला मोकळी तारीख ह्या पंचांगात नाही. यमालाही ह्या घरी यायचं झालं, तर त्याने आधी बाजार समितीत चौकशी करून यावं.

सोयाबीन निघालं. दिवाळी आली. भाऊबीजेला बहीण आली, धाकटा सहकुटुंब आला, आणि ओवाळणी आटोपल्यावर मी प्रश्नावली घेऊन मधल्या खोलीत बसलो. ‘संपत्तीची यादी करा.’

"लिही," आबा म्हणाले. "वावर."

"किती?"

"आहे तितकं."

सातबारा काढला. त्यावर आमचे आजोबा ठणठणीत होते. आजोबांना जाऊन जमाना झाला. त्यांच्या तेरवीचं मला काहीही आठवत नाही, कारण तेव्हा मी पाळण्यात होतो. पण कागदावर ते खातेदार. बाजूच्या बुलढाणा जिल्ह्याने मेलेल्या खातेदारांच्या जागी वारस लावायची मोहीम काढली, सरकारला ती आवडली, आणि २०२५ च्या एप्रिलापासून ‘जिवंत सातबारा’ म्हणून ती राज्यभर सुरू झाली. त्या काळात आमच्याकडेही विचारणा झाली होती. तेव्हा आबांनी काय सांगितलं, तर "हळद काढनं चालू हाये, मंग पाहू." आजोबांचा मुक्काम वाढला.

मग नावांचा घोळ निघाला. सातबाऱ्याच्या एका गटात आबांच्या नावापुढे ‘जी’ आहे. आधार कार्डावर ‘राव’ आहे. पासबुकावर जी नाही, राव नाही, नुसतं हाक मारल्यासारखं नाव आहे. "हे तीन इसम एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र लागेल," असं वाशिमचे वकील फोनवर म्हणाले. हे वकील आमचे लांबचे नातलग. त्यामुळे ते फी घेत नाहीत, आणि फी घेत नाहीत म्हणून आम्ही त्यांचं ऐकत नाही.

वकिलांनी आणखी एक बॉम्ब टाकला. वडिलोपार्जित जमीन अख्खीच्या अख्खी मृत्युपत्रात लिहिता येत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आबांना त्यातला फक्त आपला हिस्सा लिहून देता येतो. बाकीच्यात मुलाबाळांचा जन्मापासून हक्क.

आबा बराच वेळ फोनकडे बघत राहिले. "म्हंजे मी पन्नास वर्ष ज्या वावरात वखर हाकला, त्यात हे पाळण्यातले बी मालक होते? मंग निंदाले कामून नाही आले कोनी?"

"कायदा आहे काका."

"कायद्याले सांग, रोजी काढ म्हना. पन्नास वर्षाची."

त्यांचं मन वळवायला वकिलांनी विषय बदलला आणि आणखीच खोलात गेले. मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या बायकोमुलांच्या बरोबरीने आई पहिल्या वर्गातली वारस ठरते. बाप दुसऱ्या वर्गात, म्हणजे पहिल्या वर्गात कुणीच नसेल तेव्हा त्याचा नंबर. हे ऐकताच माय स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "पुन्हा सांगा बरं वकीलसाहेब, जोरानं सांगा." वकिलांनी जोराने सांगितलं. माय आबांकडे बघून म्हणाली, "आयकलं? पह्यला वर्ग." आणि परत जाऊन अनारसे तळू लागली. त्या दिवशी तिने आबांना चहा मागू दिला, पण दिला नाही.

तिसऱ्या पानावर मूल्यं होती. ‘आपल्या कुटुंबाची तीन प्रमुख मूल्ये प्राधान्यक्रमाने लिहा.’

मूल्यं मिळायला अडचण आली नाही. कष्ट, शिक्षण, एकोपा. पाच मिनिटांत एकमत. भांडण लागलं ते प्राधान्यक्रमावर. मोठ्या भावाचं म्हणणं, कष्ट पहिलं, कारण शेती तो करतो. धाकट्याचं म्हणणं, शिक्षण पहिलं, कारण तो शिकला. "तुह्या शिक्षणाले पैसे कोनाच्या कष्टाचे लागले?" असं मोठ्याने विचारलं. "मग ट्रॅक्टरचे हप्ते कोण भरतं?" असं धाकट्याने विचारलं. आवाज इतका चढला की शेजारचे दिवे बघायच्या निमित्ताने ओट्यावर आले. मी आपला मधला, म्हणून सुचवलं की एकोपा पहिला लिहू. त्यावर दोघांनी एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "तू मधात कायले बोलतं?" एकोपा झाला तो तेवढाच.

आबा शेवटी म्हणाले, "पेन्सिलनं लिही. लेखी काही द्याचं नाही, हे आपल्या घरचं पह्यलं मूल्य."

आणि ते खरंच होतं. आमच्या आजोबांनी विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा तोंडी दिला, पणजोबांनी धुरा तोंडी ठरवला, आणि त्या दोन तोंडी शब्दांवर तीन पिढ्या तोंड सुखाने वापरत आल्या. १९९८ साली वाशिम अकोल्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, ती एकच वाटणी आबांनी आयुष्यात विनातक्रार बघितली.

आता मोठ्याने घसा खाकरला. ओवाळणीची पैठणी बहिणीच्या मांडीवरच होती. "बाई," तो म्हणाला, "तू तं आपल्या घरी सुखी हायेस. एक हक्कसोडाची सही करून दे, म्हंजे मास्तराचा फॉर्म सोपा होईन."

फॉर्मच्या सोयीसाठी बहिणीने हक्क सोडल्याचं उदाहरण कायद्याच्या इतिहासात हेच पहिलं ठरलं असतं. पण आमची बहीण महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. तिला कायदा सन-सालासकट पाठ. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने घेतलं १९९४ ला, तेही त्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. देशाने घेतलं २००५ ला, आणि बाप तेव्हा हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगून टाकलं. तिने हे सगळं शांतपणे म्हणून दाखवलं, पैठणीची घडी मोडून पदर बघितला, आणि म्हणाली, "करते ना सही. पह्यले वहिनीनं तिच्या माहेरी केली का, ते सांग."

मोठा छताकडे बघू लागला.

"नाही केली ना? तिच्या भावानं कागद आनला होता, तवा तूच म्हनला होता, सही करशील तं याद राख."

स्वयंपाकघरात झारा पडल्याचा आवाज झाला. वहिनी ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मला दारातून दिसलं. ते नणंदेच्या बाजूचं होतं की नवऱ्याच्या, ह्याची नोंद करायला फॉर्मात रकाना नव्हता.

वावराचा प्रश्न इथे थांबला, म्हणजे बऱ्यापैकी सुटला. चौघांनाही मनातून माहीत होतं की समान वाटे होणार. खरा पेटला तो गंगाळावरून. ‘भावनिक मूल्य असलेल्या वस्तू’ असा एक रकाना होता आणि मायने आतून सांगितलं, "गंगाळ लिही."

हे गंगाळ आजीचं. पितळेचं, दोन बाजूंना दोन कड्या, एका कडीजवळ पोचा, कारण एकदा बैलाने लाथ मारली होती. घरात गिझर आल्यापासून ते टिनाच्या छपरीत पडलं होतं. त्यात मोटारीचं जळकं स्टार्टर, फवारणी पंपाचा तुटका नोझल, दोरीचे तुकडे, युरियाची रिकामी गोणी आणि गोणीखाली उंदराचं बाळंतपण, असा संसार होता. वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. फॉर्मात नाव गेलं आणि पाच मिनिटांत ते चौघांच्या बालपणाचा आधार झालं. बहिणीला त्यातच न्हाऊ घातलं होतं. मोठ्याने त्यातच दसऱ्याला बैल धुतले होते; पोळ्याला की दसऱ्याला, हे त्याला सांगता येईना. धाकट्याला ते पुण्याच्या दिवाणखान्यात, त्यात पाणी भरून वर गुलाबाच्या पाकळ्या टाकून ठेवायचं होतं. "ज्यात मी आंग धुतलं त्यात फुलं?" आबांना हे पटेना. मलाही एकाएकी आठवलं की पाढे मी त्याच्या काठावर ताल धरून पाठ केले होते. हे खरं आहे का, ते मला ठाऊक नाही. पण त्या क्षणी मी शपथ घेतली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे छपरीत गेलो तर गंगाळ रिकामं, चिंच लावून घासलेलं, आरशासारखं. उंदरांची पिल्लं खोक्यात नीट काढून ठेवलेली. घासलं कुणी, हे कुणीच कबूल करेना. माझा संशय तीन सुनांवर समसमान आहे.

मी मास्तर, उदाहरण दिल्याशिवाय मला राहवत नाही. मी सगळ्यांना सांगितलं की मृत्युपत्रात मूल्यं कशी लिहावीत हे बघायला पुण्याचा सल्लागार कशाला, महात्मा फुल्यांचं १८८७ सालचं मृत्युपत्र बघा. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, त्याला वारस केलं, आणि वर कलम घातलं की हा पुढे हुशार आणि लायक निघाला नाही, तर सावित्रीबाईंनी दुसरा लायक मुलगा निवडून त्याला मालक करावं. यशवंत पुढे डॉक्टर झाला, कलमाची गरज पडली नाही.

खोलीत शांतता पसरली. मी समजलो, माझा मुद्दा पोचला.

"हे कलम टाक," आबा म्हणाले.

"कोनतं?" तिन्ही मुलांनी एकदम विचारलं.

"लायक निघाला नाही तं दुसरा पोरगा पाहाचा. टाक. पेन्सिलनं नको, पेननं टाक."

त्यानंतर तीन दिवस आबांना आम्ही जे जपलं, त्याला तोड नाही. मोठ्याने त्यांना दुकानातून नवी छत्री आणली, कार्तिकात. धाकट्याने त्यांचे पाय चेपले आणि चेपताना फोटो काढून ग्रुपवर टाकला. मी रोज सकाळी पेपर वाचून दाखवला. आबांना चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो. तिसऱ्या दिवशी ते मायला म्हणाले, "हे कलम आधीच कामून नाही सांगतलं कोनी? चाळीस वर्ष फुकट गेली."

पुढची अडचण साक्षीदारांची. दोन हवेत, आणि शहाणपण असं की ते करणाऱ्यापेक्षा तरुण हवेत. उद्या वाद निघाला तर कोर्टात उभं राहून सांगायला ते उरले पाहिजेत. आबांचा विश्वास फक्त अमरदास बाबांच्या मंदिराच्या ओट्यावर बसणाऱ्या मित्रमंडळींवर. सगळे ऐंशीच्या पुढे. एकाला तर आबांनी विचारलंही. तो म्हणाला, "मी सही करतो, पन तू माह्यावर कर. पह्यले कोन जाते ते पाहू." पैज लागायची वेळ आली. तरुणांमध्ये शेजारी होता, पण त्याच्याशी धुऱ्याचा वाद. जावई होते, पण ते बहिणीचे. साक्षीदाराने आतला मजकूर वाचण्याची गरज नसते, फक्त सही होताना बघावी लागते, हे मी समजावलं. पण न वाचता सही करणारा माणूस रिसोडात मिळत नाही आणि वाचून गप्प बसणारा तर अख्ख्या वऱ्हाडात नाही.

वयामुळे वकिलांनी डॉक्टरचा दाखलाही घ्या म्हणून सांगितलं. सक्तीचा नाही, पण बरा. आबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"वार ठेव बाजूले," आबा म्हणाले. "सरकारचा सोयाबीनचा हमीभाव यंदा ५३२८. व्यापारी त्याच्या खाली मांगते. अन् मी त्यालेच इकतो. आता तूच सांग, कोनाचं डोकं ठिकान्यावर नाही?"

डॉक्टरचे वडीलही शेतकरी. त्याने मुकाट्याने सही केली, शिक्का मारला आणि फी घेतली नाही.

बँकेचं काम त्यामानाने सरळ झालं. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आबांना चारच मुलं. "सरकारले कसं मालूम?" असं त्यांनी काउंटरवर विचारलं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याने पैसे घेऊन वारसांना द्यायचे, हे कळल्यावर ते परत फिरले. "चौघं घेतीन अन् चौघाले देतीन. मंग मधात बँकेचं काय काम?"

सातवा प्रश्न मात्र आमच्या घरात एका दमात सुटला होता. ‘आपल्या जोडीदारास आपल्या सर्व मालमत्तेची माहिती आहे काय?’ मी मायला विचारलं. ती म्हणाली, "तुरीच्या कोठीत तळाले बारा हजार हायेत, फडक्यात. अन् दोन हजार त्याईच्या जुन्या कोटात. तिसरी जागा त्याईले वाटते मले मालूम नाही." आबांनी त्या दिवशी तिसरी जागा बदलली. संध्याकाळपर्यंत मायला नवी जागा कळली.

परवा धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला. "झालं का आबा? किती दिवस लावता? अशी कामं लांबवू नयेत."

"तुह्यं झालं का?" आबांनी विचारलं.

"माझं काय, सोपं आहे. एक फ्लॅट, थोडे शेअर, तो वाघोलीचा प्लॉट..."

मागून सूनबाईंचा आवाज आला. "कोणता वाघोलीचा प्लॉट?"

चित्र थांबलं. धाकट्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि फोन बंद पडला. रेंज गेली, असं त्याने नंतर कळवलं. रिसोडात रेंजच्या चारही दांड्या होत्या.

आबांनी बाजेवरून पाय खाली सोडले. "मास्तर, पुन्हा लाव बरं त्याले. अन् लागला की तो सातवा प्रश्न वाच. जोरानं वाच, सूनबाईले आयकू गेला पायजे."